थांबामामांनी ओढलेली तार

शिडी खांद्यावर घेऊन मामा कुणाच्याही दारात आले की पहिला शब्द बोलायचे तो ‘थांबा’. नमस्कार नाही, घरात कोण आहे ही विचारपूस नाही, पाणी मागणं नाही. शिडी भिंतीला टेकवायची, टोपी मागे सरकवायची, वर तारांकडे बघायचं आणि म्हणायचं, "थांबा." घरातली माणसं जिथल्या तिथं थांबायची. कुणी बटणाकडे निघालेलं असे, कुणी चहाचं आधण ठेवत असे, सगळी तशीच उभी. मग मामा शांतपणे मेन स्विच शोधत, खाली पाडत आणि टेस्टर लावून बघत. एकदा बघून त्यांचं समाधान होत नसे, पुन्हा एकदा बघत. त्यानंतरच बाकीच्यांना हलायची परवानगी.

त्यांचं खरं नाव मुखेडात फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळे त्यांना थांबामामाच म्हणायचे आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. एकदा कुणीतरी लग्नपत्रिकेवर ‘श्री. थांबामामा वायरमन यांस सप्रेम’ असं लिहून पाठवलं होतं. ती पत्रिका त्यांनी घरात खिळ्याला अडकवून ठेवली होती आणि आल्यागेल्याला दाखवायचे.

उंच, काटक माणूस. अंगात खाकी शर्ट, पायात जाड रबरी बूट. मुखेडच्या मे महिन्यातही तेच बूट. लोक हसायचे. मामा म्हणायचे, "पायाला घाम आला तर धुता येतो." गळ्यातलं शिवलिंग पांढऱ्या कापडात घट्ट बांधून बनियनच्या आत असायचं. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, एकदा त्यांना विचारलं होतं, "मामा, चांदीची पेटी न्हाई का केली लिंगाला?"

"हाय की. घरी देव्हाऱ्यात हाय. शिडीवर चांदी कशाला? महादेव कापडात बी ऱ्हातो."

आमच्या घराशी त्यांचा खरा संबंध आला तो एका पत्र्याच्या शेडमुळे.

घरामागं आमचं परस आहे. बाग म्हणायची म्हणून म्हणायची. शेवग्याची दोन झाडं, एक लिंबोणी, आत्याबाईंचा गवती चहा आणि मधोमध चांगला जुना कडुलिंब. परसाच्या पार टोकाला पत्र्याचं शेड, त्यात खोरं-कुदळ आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या. ह्यांचं कापडाचं दुकान बेताचंच चालायचं. त्या वर्षी संक्रांतीनंतर माझ्या मनानं घेतलं की या शेडमध्ये शेवयांचं मशीन बसवायचं. उन्हाळ्यात गावातली प्रत्येक बाई शेवयांसाठी गहू घेऊन कुठं कुठं रांगा लावते, मग आपल्याच परसात का नको?

माझ्याबरोबर गल्लीतल्या तिघी तयार झाल्या. त्यांत काशीबाई होती. वय तीस-बत्तीस. नवरा हैदराबादकडे कामाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. ती रोजानं दुसऱ्याच्या शेतात जायची. मशीनची गोष्ट निघाली तेव्हा ती म्हणाली, "ताई, सावलीत बसून करायचं काम मला जन्मात मिळालं न्हाई. मी येते."

शेड झाडून घेतलं, मशीन आलं. आता घरातून शेडपर्यंत वीज तेवढी न्यायची राहिली. अंतर ऐंशी फूट असेल. मी मामांना बोलावलं आणि सगळं आधीच ठरवून ठेवल्यासारखं सांगितलं, "स्वयंपाकघराच्या खिडकीतून तार काढा, या कडुलिंबाच्या फांदीवरून घ्या आणि तिकडं पत्र्याला बांधा. तासाचं काम आहे."

"थांबा," मामा म्हणाले.

मग ते कडुलिंबाखालच्या ओट्यावर बसले. मलाही बसायला सांगितलं.

"ताई, झाड हालतं."

"म्हणजे?"

"वाऱ्यानं हालतं, वानर बसलं तरी हालतं. हालणाऱ्या गोष्टीला तार बांधली की ती रोज थोडी थोडी घासती. वरचं कातडं जातं न् आतलं तांबं उघडं पडतं. कधी पडलं ते कुणाला दिसत न्हाई. न् पत्र्याला तर बांधायचीच न्हाई. उद्या तार तिथं उघडी पडली तर आख्खं शेड म्हणजे एक तारच झाली म्हणा की."

त्यांनी काय काय लागेल ते सांगितलं. शेडपासून हातभर अंतरावर लोखंडी पाइपाचा खांब, तोही जमिनीत चार फूट काँक्रीट करून. घराच्या भिंतीत मजबूत अँगल. दोन्हीमध्ये ताण सोसायला जस्त चढवलेली जी.आय. तार आणि तिला टांगलेली सलग केबल, मधे एकही जोड नाही. घरात शेडसाठी वेगळं बटण. शेडजवळ अर्थिंगचा खड्डा. आणि काँक्रीट पक्कं होईपर्यंत खांबाला हात लावायचा नाही, आठ दिवस.

"आठ दिवस? मामा, अकरा घरांचे गहू येऊन पडलेत."

"सिमेंटाला घाई सांगून बघा," मामा म्हणाले. "त्याला ऐकू येत न्हाई."

मला हसूही आलं आणि रागही आला. राग जास्त. संध्याकाळी मी धाकट्या दिरांपुढं, भाऊजींपुढं, सगळी तक्रार केली. भाऊजी म्हणाले, "वहिनी, त्या म्हाताऱ्याच्या नादी कुठं लागता?" दुसऱ्या दिवशी ते बसस्टँडकडून एकाला घेऊन आले. त्यानं खिडकीतून तार काढली, कडुलिंबावरून घेतली, पत्र्याला भोक पाडून आत नेली. चाळीस मिनिटांत शेडमध्ये दिवा लागला. मी पेढे वाटले.

दोन दिवसांनी मामा मागच्या गल्लीतून सायकलवर चालले होते. परसाच्या भिंतीवरून त्यांना तार दिसली. एक पाय जमिनीवर टेकवून ते तसेच सायकलवर बसून राहिले. मग भिंतीवरून म्हणाले, "ताई, त्या पत्र्याला वल्ल्या हातानं कुणी शिवू नका. मी सांगून जाऊन राहिलो."

"बरं मामा," मी म्हणाले. ते गेल्यावर मी टोपी मागं सरकवल्याचा हावभाव करून, वर बघून, त्यांची नक्कल केली. चौघी खूप हसलो. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण ते खरं आहे.

मशीन धडाक्यानं चालू झालं. परसभर दोऱ्या बांधून त्यावर शेवया वाळत घातलेल्या, दारात गव्हाच्या पिशव्यांची रांग. एक दिवस आत्याबाई शेडच्या दाराला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "पत्र्याला मुंग्या येऊन राहिल्या गं." मी म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या हाताला येत असतील. आता वय झालं." त्यांनी हात झटकला आणि त्या घरात गेल्या.

त्यानंतरच्या मंगळवारी, भर दुपारी, काशीबाई परातींना लागलेलं पीठ नळावर धूत होती. हात तसेच ओले. परात कमरेवर घेऊन ती आली आणि दुसऱ्या हातानं तिनं शेडचं दार ढकललं.

आधी परात पडल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं तर काशीबाई लिंबोणीत पडलेली होती. दारापासून पाच-सहा फूट. तिला जणू कुणी उचलून फेकलं होतं. डोळे उघडे, पण बघत नव्हती. आमच्यातली एक तिला उठवायला म्हणून दाराकडूनच धावली. तेवढ्यात घरातून आत्याबाई ओरडल्या, "मेन पाडा! आधी मेन पाडा!" आणि माझी वाट न बघता त्यांनी स्वतःच स्टुलावर चढून मेन पाडला. बहात्तर वर्षांची बाई. नंतर त्या मला म्हणाल्या, "मामा आपल्या घरी आला की पहिलं तेच करतो. मी बघितलं व्हतं."

काशीबाई वाचली. गावातल्या दवाखान्यातून तिला नांदेडला नेलं, तिथं ती सहा दिवस होती. उजव्या हाताचा तळवा भाजला होता. तो भरून आला, पण करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट पुन्हा पूर्ण वाकलं नाही.

तिला घरी आणलं त्या संध्याकाळी मी मामांच्या घरी गेले. वाटेत काय बोलायचं ते मनात घोकत होते. मामा अंगणात शिडीच्या पायऱ्या पुसत बसले होते. मी म्हणाले, "मामा, चुकलं माझं."

त्यांनी वर बघितलं. "काशीबाईची बोटं हालतेत का?"

"दोन नाही हलत."

हातातलं फडकं त्यांनी घडी करून पायरीवर ठेवलं. मग म्हणाले, "चूक मपली बी हाय, ताई. मी भिंतीवरून सांगितलं. सायकलवरून उतरून आत यायला पाहिजे व्हतं, मेन पाडायला पाहिजे व्हता. तुम्हाला राग येईल म्हणून न्हाई आलो. तुमचा राग काय, दोन दिसांत गेला असता."

ज्याची मी नक्कल केली, तो माणूस माझ्यापुढं आपली चूक कबूल करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मामा दारात हजर. तो लोंबणारा सगळा पसारा त्यांनी आधी उतरवला. फांदीवर घासलेली जागा आणि पत्र्याच्या भोकात कापलेलं कातडं मला जवळ बोलावून दाखवलं. पण ‘बघा, मी सांगितलं होतं’ असं एकदाही म्हणाले नाहीत. मी वाट बघत होते. म्हणाले असते तर मला हलकं वाटलं असतं.

काम नऊ दिवस चाललं. खांबाचा खड्डा त्यांनी स्वतः खणला. काँक्रीट घातल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ येऊन त्यावर पाणी मारायचे, दुसऱ्या कुणावर सोडायचे नाहीत. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ थरावर थर देऊन भरलं आणि आत्याबाईंना सांगितलं, "आज्जी, तुळशीला घालता तसं एक तांब्या पाणी उन्हाळ्यात हितं बी घालत जा." आत्याबाईंनी ते पुढं शेवटपर्यंत पाळलं.

तारेची उंची किती ठेवायची यावर एक पूर्ण सकाळ गेली. मागच्या गल्लीतून उन्हाळ्यात पाण्याचा टँकर परसात येतो. मामांनी टँकर येईपर्यंत वाट बघितली, टँकरवाल्याला टपावर उभं राहायला सांगितलं, हातात बांबू देऊन हात वर करायला लावला आणि मग त्याच्याही वर दोन फूट मोजले. टँकरवाला वैतागून म्हणाला, "मामा, मी कशाला बांबू घेऊन टपावर चढू?"

"तू न्हाई चढणार," मामा म्हणाले. "पण एखादा चढंल."

तार ओढली तेव्हा ती मला सैल वाटली. मधे झोळ होता. मी विचारलं तर म्हणाले, "आता उन्हानं तार लांब झालीय. थंडीत आखडंल. आताच ताणून बसवली तर पौषात भिंत उपटंल." घरात शिरण्याआधी केबल त्यांनी मुद्दाम खाली वाकवून पुन्हा वर घेतली, म्हणजे पावसाचं पाणी त्या वाकणातूनच खाली गळेल, भिंतीत जाणार नाही. अशी एकेक गोष्ट. ऐंशी फुटांच्या एका तारेत इतका विचार असतो हे मला चाळीस वर्षांच्या आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

कामाच्या तिसऱ्या दिवशी काशीबाई आली. हाताला बँडेज. लिंबोणीपाशी जरा घुटमळली, मग ओट्यावर येऊन बसली.

"घरी पडून राहा की," मी म्हणाले.

"मला ज्यानं फेकलं ते काय हाय ते बघायचंय," ती म्हणाली.

मामांनी ते ऐकलं. शिडीवरून खाली उतरले, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तारेचा एक तुकडा सोलून तिला दाखवला. वीज कुठून येते, कुठं जायला बघते, तिच्या हातातून जमिनीत कशी गेली, हे सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "मंग मला फेकलं कामून? धरून कामून न्हाई ठेवलं?"

"तू दार ढकललं. मुठीत धरलं असतं तर सुटली नसती."

ती आपल्या बँडेजकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. पुढचे सगळे दिवस आली. रोज तिचे चार-पाच प्रश्न तयार असायचे.

मामांच्या या सावधपणामागं काहीतरी मोठं दुःख असणार, असं गावात सगळे धरून चालायचे. कुणी म्हणे त्यांचा भाऊ खांबावर गेला, कुणी म्हणे बायको गेली, कुणी म्हणे त्यांच्याच हातून कुणाचा तरी जीव गेला. मला राहवलं नाही. काम संपत आलं त्या दिवशी चहा देताना मी विचारलं, "मामा, तुमच्याकडं कधी काही झालं होतं का?"

मामा मोठ्यानं हसले. त्यांना इतकं हसताना मी तेव्हाच बघितलं. "ताई, भाऊ गेला तो म्हातारा होऊन गेला. बायको काविळीनं गेली. मपल्या हातच्या तारेनं आजपर्यंत कोंबडी बी मेली न्हाई. काही झालं तरच मानसानं जपून ऱ्हायचं का? झाल्यावर तर कुणी बी जपतंय."

यावर मी पुढं किती दिवस विचार केला. आपल्याला एखादा माणूस नीट वागताना दिसला की त्यामागं काहीतरी घडलेलं असावंच असं वाटतं. मामांचं तसं काही नव्हतं. काम नीट करायचं असतं एवढंच त्यांना माहीत होतं.

हंगाम संपला, शेवयांचं काम थांबलं, तशी काशीबाई मामांबरोबर जाऊ लागली. आधी शिडी धरायला, मग हत्यारं द्यायला. गावाला विषय मिळाला. नवऱ्यानं टाकलेली बाई आणि विधुर म्हातारा. कुणीतरी दुकानात ह्यांच्यासमोरच काहीबाही बोललं. मामांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "मला शिडी धरणारं मानूस पाहिजे व्हतं. आजपर्यंत जे जे धरायला आले ते खाली उभं ऱ्हाऊन मोबाइल बघायचे. ही वर बघती." आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम भर बाजारातून तिला शिडीचं एक टोक धरायला लावून गेले.

दोन बोटं वाकत नसल्यानं तिला पक्कड उजव्या हातात नीट धरता यायची नाही. मामांनी तिला डाव्या हाताची सवय लावली. त्यासाठी स्वतःही महिनाभर डाव्या हातानं काम केलं, म्हणजे कुठं अडतं ते कळेल. वायरमनची परीक्षा ती पहिल्यांदा नापास झाली. रडत आली. मामा म्हणाले, "कागद नापास झाला. तू काल बसवलेला बोर्ड चालू हाय ना?" दुसऱ्यांदा ती पास झाली.

तार ओढल्याला दोन वर्षं झाली असतील. चैत्रातली दुपार. शेडमध्ये आम्ही पाचजणी होतो, मशीन चालू होतं. एकाएकी अंधारून आलं आणि गारा सुरू झाल्या. पत्र्यावर इतका आवाज की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. कुणीतरी बाहेर पळायला निघाली, मी तिला ओढून धरली. तेवढ्यात कडाड असा आवाज झाला आणि आमचा जुना कडुलिंब मुळापासून आडवा झाला. नेमका तारेवर. मशीन बंद पडलं. बाहेर बघितलं तर काळी केबल शेडच्या दारासमोर पाण्यात पडलेली, एक वेटोळं थेट पत्र्यावर.

आम्ही पाचजणी गव्हाच्या पोत्यांवर चढून एकमेकींना धरून बसलो. कुणी कशाला हात लावेना. गारा थांबल्यावर आत्याबाई घरातून ओरडल्या, "मेन पाडलाय!" तरी आम्ही उतरलो नाही. अर्ध्या तासानं काशीबाई आणि मामा भिजत आले. काशीबाई पुढं. तिनं टेस्टर लावला, एकदा, दोनदा. मग म्हणाली, "या ताई. मेलेली हाय."

मामा मात्र घराच्या भिंतीकडे बघत होते. मला त्यांनी तिथं बोलावलं. भिंतीवरचा अँगल जागेवर होता, पण त्याला लावलेला हूक सरळ झाला होता आणि केबल वरच्या जोडणीच्या डब्यातून अलगद निसटून आली होती. वीज राहिली ती भिंतीवर वीस-बावीस फूट उंच, डब्याच्या आत. खाली पडली ती नुसती तार. शेडकडचा खांब तसूभरही हलला नव्हता.

"मी मुद्दाम हितला हूक कच्चा ठिवला व्हता," मामा म्हणाले. "तुटायचंच असंल तर घरापशी तुटावं. तिकडं तुटली असती तर जिती तार तुमच्या अंगावर पडली असती. घरातलं बटण बी पडलंय आपोआप, पण एकाच गोष्टीवर भरोसा ठिवू न्हाई."

"हे तुम्ही तेव्हा बोलला नाहीत."

"काय सांगायचं त्यात? झाड पडलं नसतं तर तुम्हाला कळायची काही गरजच नव्हती."

मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. आत्याबाईंनी येऊन मामांच्या पायातल्या त्या चिखलानं भरलेल्या रबरी बुटांवर डोकं ठेवलं. मामा इतके गोंधळले की टोपी हातात घेऊन "आज्जी, आज्जी" एवढंच म्हणत राहिले.

पुढं त्यांचे गुडघे गेले. शिडीवर चढणं बंद झालं. त्यांची एकुलती एक मुलगी लातूरला सरकारी दवाखान्यात नर्स आहे, ती येऊन त्यांना घेऊन गेली. बसस्टँडवर सोडायला आम्ही गेलो होतो. गाडी लागेपर्यंत मामा काशीबाईला कुठल्या गल्लीतल्या कुठल्या घरी कधी काय बदलायला झालंय ते सांगत होते. मुलगी शेजारी पिशव्या घेऊन उभी होती. गाडी निघाली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, आणि मुलीनं तो आत घेतला.

या श्रावणात ते गेले. फोन आला तेव्हा काशीबाई कुणाच्या तरी शेतातल्या आखाड्यावर काम करत होती. ते अर्धवट टाकून येता येईना म्हणून ती पूर्ण करून आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी लातूरला गेलो. लिंगायत रिवाजाप्रमाणे मामांना समाधी दिली होती. घरात विभूतीचा वास होता. मुलगी आमच्यासमोर बसली. डोळे कोरडे.

आम्ही मामांबद्दल बोलू लागलो. तारेचं सांगितलं, गारांचं सांगितलं, टँकरवाल्याचं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा इतकं बोलायचे?"

"म्हणजे?"

"घरात ते मुकेच होते. सकाळी जायचे, रात्री जेवून झोपायचे. आई गेल्यावर तर काहीच नाही. माझ्या हळदीच्या दिवशी मांडवाच्या तारा तपासत फिरले, माझ्याजवळ पाच मिनिटं बसले नाहीत. इथंसुद्धा तीन वर्षं होते, पण बिल्डिंगच्या मीटरपाशी जाऊन बसायचे. वॉचमनशी भांडायचे. मला वाटायचं, यांना मी दिसते तरी का?"

आम्ही ज्या माणसाचं कौतुक करायला आलो होतो, त्याची किंमत हिनं लहानपणापासून मोजली होती.

काशीबाई म्हणाली, "दीदी, माझ्याशी ते तुमच्याबद्दलच बोलायचे."

मुलीनं तिच्याकडे बघितलं.

"पक्कड धरायला शिकवत व्हते तवा म्हणायचे, हात कसा पाहिजे, तर मपल्या लेकीसारखा. तिचा हात लई स्थिर हाय. ती लेकराला सुई देती तर लेकरू रडायचं इसरून जातंय. एकदा तुमच्या दवाखान्यात आले व्हते म्हणं ते. तुम्हाला न सांगता. बाकावर पेशंटसंगं बसून तासभर बघत ऱ्हायले तुम्हाला. मुखेडला येऊन मला सांगितलं, मी आजपर्यंत आसं काम केलं न्हाई."

मुलगी उठली आणि आत गेली. स्वयंपाकघरात नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. आम्ही दोघी भिंतीकडे बघत बसलो. चारच्या गाडीची वेळ होऊन गेली.

मग ती तीन कप चहा घेऊन बाहेर आली. ट्रे खाली ठेवला, काशीबाईच्या अगदी जवळ बसली आणि म्हणाली, "अजून काय म्हणायचे?"